पावडर लावलेल्या चटया

वृद्धाश्रमात मी सात वर्षं नोकरी केली आणि सातही वर्षं माझं कौतुकच झालं. ताईंच्या हाताखाली साधा चमचा हरवत नाही, असं संस्थेचे सेक्रेटरी चारचौघांत सांगायचे. ते खोटं नव्हतं. चमचा हरवत नव्हता, टॉवेल विरत नव्हते, गाद्यांवरचं प्लास्टिक फाटत नव्हतं. मोडली ती फक्त एका बाईची कंबर, आणि ती माझ्या सामानाच्या यादीत नव्हती.

आश्रम शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या पुढे चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. एका बागायतदाराने दिलेल्या जमिनीवर पत्र्याची लांबट इमारत, आणि चारी बाजूंनी ऊस. शिरूरला जायचं तर एसटी, दौंडला जायचं तरी एसटीच, आणि एसटी आली नाही तर दुधाची गाडी. वीसेक म्हातारी माणसं होती. काही आसपासच्या गावांतली, काही शिरूरच्या पेठेतली, आणि बरीचशी दौंडची, रेल्वेत जन्म काढलेली. त्यांना सगळं वेळेवर लागायचं. चहाला पाच मिनिटं उशीर झाला की ती गाडी लेट झाल्यासारखी दाराकडे बघत बसायची.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी अठ्ठावीस वर्षांची, बी.कॉम. झालेली आणि नवऱ्याने परत पाठवलेली. शिरूरला भावाच्या घरात माझी अडचण व्हायला लागली होती, हे मला वहिनी भांडी कशी आपटते त्यावरून कळायचं. आश्रमात व्यवस्थापिकेची नोकरी मिळाली, तिच्याबरोबर एक खोलीही मिळाली. त्या खोलीला आतून कडी होती. ती कडी मला किती महत्त्वाची वाटत होती, हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे केलं त्याची सबब म्हणून नाही. सबब नाहीच.

कामाला तीन बायका आणि एक गडी. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, शिवाय रात्री कुणी हाक मारली तर उठायचंच. भिंतीवर मी निळ्या ऑइलपेंटने नियम लिहून घेतले होते. त्यातला तिसरा नियम असा, की आजारी माणसाला नेहमी दोघांनी मिळून उचलावे. पेंटरने अक्षर फार सुरेख काढलं होतं, येणारे-जाणारे वाचून माना डोलवायचे. प्रत्यक्षात सकाळी आंघोळीच्या वेळी एक बाई चुलीपुढे भाकरी थापत असायची, दुसरी ओल्या चादरी काढत असायची, आणि उचलायला उरायची एकटी मावशी.

मावशी वडगाव रासाईची, भीमेच्या काठची. पंचेचाळिशी ओलांडलेली, विधवा, एक मुलगा आणि तोही दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर. महिन्यातून दोनदा गावी जायची, एरवी आश्रमातच राहायची. अंगाने किरकोळ, पण मनगटं पैलवानाची. आणि जिभेला हाड नाही. दौंडच्या एका रेल्वे गार्डची विधवा आमच्याकडे होती, अंगाने चांगलीच जड. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. तोंडातून निघायचं ते फक्त "बा, बा". डोकं मात्र ठणठणीत. मावशी तिला रोज सकाळी उठवताना म्हणायची, "चला मालगाडी, सिंगल पडला!" आणि आजी अर्ध्या तोंडाने हसायच्या. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर आजींनी डाव्या हाताने कानाखाली वाजवली असती.

न्हाणीघराची फरशी शहाबादी. बोअरचं पाणी क्षारट, त्याला साबणाचा फेस यायचा नाही, पण फरशीवर बुळबुळीत थर मात्र साचायचा. आठवड्यातून एकदा गडी विटेच्या तुकड्याने घासायचा, दोन दिवसांत पुन्हा तेच. मी स्वतः तिथे जाताना भिंत धरून जायची.

एकदा रांजणगावकडच्या कुठल्याशा कारखान्यातले एक साहेब वडिलांच्या वर्षश्राद्धाचं जेवण घालायला आले. त्यांनी न्हाणीघर बघितलं, बुटाचं टोक फरशीवर घासून बघितलं आणि काही न बोलता गेले. पंधरा दिवसांनी त्यांच्याकडून जीपमधून सामान आलं. चार काळ्या रबरी चटया, भोकाभोकांच्या, फरशीला घट्ट धरून बसणाऱ्या. हातमोज्यांचे खोके. माणसाला कमरेला धरून उचलायचा रुंद पट्टा. आणि 'ओली फरशी, जपून चाला' अशी पिवळी पाटी. आमच्या बायका चटयांवरून हात फिरवून बघत होत्या. चटयांना नव्या चपलेसारखा वास येत होता.

मी ते सगळं मोजून घेतलं आणि लोखंडी कपाटात ठेवलं. किल्ली माझ्या कमरेला.

आता हे कुणाला विचित्र वाटेल, पण आमच्याकडे असंच असायचं. माझी आई म्हणायची, वापरलं की झिजतं, ठेवलं की टिकतं. आमच्या घरी सहा कपबशांचा एक सेट होता, त्यातून आम्ही भावंडांनी कधी चहा प्यायला नाही. टीव्हीला कव्हर, कव्हरवर विणलेला रुमाल. नव्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक उन्हाळ्यात मांड्यांना चिकटायचं, पण काढायचं नाव नको. चांगली वस्तू पाहुण्यांची. आपल्याला काय, आपण घरचेच. हे मला कुणी वेगळं शिकवलं नाही, दुधाबरोबरच पोटात गेलं.

आश्रमाचे पाहुणे म्हणजे तपासणीला येणारे साहेब आणि देणगीदार. ते येणार असं पत्र आलं की मी कपाट उघडायची. चटया अंथरायच्या, पिवळी पाटी उभी करायची, बायकांच्या हातात मोजे घालायला द्यायचे. पाहुणे खूश होऊन गेले की सगळं गोळा. चटया धुऊन, सावलीत वाळवून, रबर एकमेकांना चिकटू नये म्हणून वर टाल्कम पावडर भुरभुरवून परत कपाटात. हे काम मी दुसऱ्या कुणाला सांगायची नाही. दोन वर्षांनीही चटया कोऱ्या होत्या, आणि याचा मला अभिमान होता. माणसाला कशाचाही अभिमान वाटू शकतो.

गंमत म्हणजे पाहुणे येत त्या दिवशी सुद्धा चटयांवर कुणी पाय द्यायचं नाही. मावशी, बाकीच्या बायका, काठी टेकत चालणाऱ्या म्हाताऱ्या सुद्धा, साडी जराशी उचलून चटई ओलांडून पलीकडे बुळबुळीत फरशीवर पाय ठेवायच्या. एका साहेबांनी विचारलं, "अहो, चटईवरून चाला ना!" तर गावच्या एका आजींनी उत्तर दिलं, "नवी हाय ती. आमच्या पायांनी घाण व्हईल." साहेब हसले. मीही हसले.

पहिल्यांदा मावशीने चटई मागितली ती उन्हाळ्यात. मी भांडाराच्या खोलीत होते, ती दारात उभी राहिली. "ताई, एक तरी चटई राहू द्या की न्हाणीत. आजी जड हायत. माझा पाय सरकतो."

"पुढच्या महिन्यात तपासणी आहे, मावशी. ती होऊ दे, मग बघू," मी म्हणाले.

तपासणी झाली. चटया धुतल्या, पावडर लावली, कपाटात गेल्या. तिने पुन्हा विचारलं. मी म्हणाले, "रोज वापरल्या तर सहा महिन्यांत चिंध्या होतील. मग पाहुण्यांपुढे काय घालू?" ती मान हलवून गेली. तिलाही ते पटलं असणार. तिच्या घरीही एखादं सतरंजीचं बंडल माळ्यावर पाहुण्यांची वाट बघत असेलच.

तिसऱ्यांदा तिने मागितलं नाही. गावाहून येताना एक गोणपाट घेऊन आली. धुतलेलं, चार पदरी शिवलेलं, कडेने सुतळीची टिप. ते तिने आजींच्या आंघोळीच्या जागी अंथरलं आणि मला म्हणाली, "बघा, तुमची चटई नगं आन् काय नगं." आठवडाभर ते तिथे होतं. ओलं राहायचं, त्याला वास यायचा, हे खरं. पण त्या आठवड्यात तिचा पाय सरकला नाही, हेही खरं.

एका सोमवारी सेक्रेटरी येणार असं कळलं. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. ते बडे बागायतदार, सोसायटीत नि साखर कारखान्याच्या राजकारणात मुरलेले, पण आश्रमाबद्दल मनातून आस्था असलेले. त्यांच्याबरोबर पुण्याचे कुणी देणगीदारही असणार होते. मी रविवारी संध्याकाळी न्हाणीघरात डोकावले. काळंकुट्ट, पाणी धरलेलं ते गोणपाट बघून माझं डोकंच फिरलं. लोक म्हणतील हा आश्रम आहे की गोठा. मी ते दोन बोटांत धरून बाहेर आणलं आणि बंबाच्या सरपणावर, पाचटाच्या ढिगावर टाकून दिलं. चटया मात्र काढल्या नाहीत. पाहुणे दुपारी येणार होते. आंघोळी उरकल्यावर अंथरल्या की कोरड्या, छान दिसतात, हा माझा हिशोब.

सोमवारी सकाळी मी ऑफिसात फुलदाणीत झेंडू लावत होते. न्हाणीघरातून धप्प असा आवाज आला. नंतर ओरडण्याचा आला नाही, म्हणून मी जास्त घाबरले.

मावशी उताणी पडली होती आणि आजी तिच्या अंगावर. चाकाच्या खुर्चीवरून स्टुलावर घेताना मावशीचा पाय सरकला होता. सोडून दिलं असतं तर तिने स्वतःला सावरलं असतं. पण तिने आजींना सोडलं नाही. पडता पडता दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि स्वतः खाली गेली. आजींना नखभर खरचटलं नव्हतं. गड्याने आणि मी मिळून आजींना उचलून खुर्चीत बसवलं. मग मावशीला उठवायला गेलो तर ती म्हणाली, "नगा हलवू ताई. खालचं अंग माझं वाटंना."

मी गड्याला पळत रस्त्यावर पाठवलं, जीप मिळवली, फळीवर घालून तिला दौंडच्या दवाखान्यात रवाना केलं. एका बाईला तिच्याबरोबर दिलं. इथपर्यंत मी जे केलं ते कुणीही शहाण्या माणसाने केलं असतं. जीप उसाआड गेली आणि मला दुपारची आठवण झाली. दुपारी आप्पा येणार. विचारणार, पडली कशी? चटया कुठे होत्या?

मी कपाट उघडलं. चारही चटया न्हाणीघरात अंथरल्या. त्या कोरड्या होत्या, म्हणून त्यांच्यावर तांब्या-तांब्याने पाणी ओतलं. पावडर भिजून पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि भोकांतून वर यायला लागलं. मी आणखी पाणी ओतलं, हाताने चोळलं, तरी ते पांढरं येतच राहिलं. मान वर केली तेव्हा दारात आजी. चाकाची खुर्ची तिथेच राहिली होती, त्यांना खोलीत न्यायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. अर्ध्या भिजलेल्या, अंगावर एक टॉवेल, आणि डोळे माझ्या हातांवर. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"चला आजी, गारठाल," मी म्हणाले आणि त्यांना खोलीत नेलं. माझा आवाज किती गोड निघाला ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

आप्पा आले. पाहुण्यांना व्हरांड्यात बसवून एकटेच न्हाणीघरात गेले. चटया बघितल्या आणि त्यांच्या जिवात जीव आल्याचं मला दिसलं. चप्पल चटईवर दाबत ते म्हणाले, "हे पांढरं काय?"

"साबण," मी म्हणाले.

"चटया व्हत्या म्हंजी आपली बाजू सरळ हाय. तिनंच घाई केली आसंल. तिचा जबाब लिहून घ्या ताई, सही घ्या. उद्या कुणी विचारलं तर कागद पायजे." आप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांनी जे बघितलं त्यावरून ते बोलले. त्यांना काय दिसावं ते मी ठरवलं होतं. गड्याला नि बायकांना खरं ठाऊक होतं, पण त्यांना कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी जबाब लिहून दौंडला गेले. मावशी खाटेवर पडून होती, पायाला वजन लावलेलं. खुबा मोडला होता, कमरेलाही मार होता. मला बघून तिने आधी विचारलं, "आजीला लागलं तर न्हाई ना?"

मी कागद काढला आणि वाचून दाखवला. 'न्हाणीघरात रबरी चटया अंथरलेल्या होत्या. मी घाईत चटई सोडून फरशीवरून गेले, त्यामुळे माझा पाय घसरला. यात संस्थेची चूक नाही.' वाचताना मी कागदावरून मान वर केली नाही.

ती म्हणाली, "ताई, आसं न्हाई लिवलं तर तुमची नोकरी जाईल का?"

"जाईल, मावशी."

"आन् माझी?"

"तुमची कशी जाईल? मी आहे ना. मी बघते," मी म्हणाले.

तिने सही केली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली, एकेक अक्षर सुटं सुटं. झोपून लिहिताना पेन उताणं होतं म्हणून शाई उतरत नव्हती, तर तिने मला कागद तिच्या हाताखाली, खाटेच्या कडेला धरायला सांगितला. मी धरला.

त्या दिवसापासून चटया न्हाणीघरातच राहिल्या. आता उचलायला गेले असते तर बायकांनी विचारलं असतं, म्हणून. वरातीमागून घोडं, पण आलं. कामाच्या बायका आठवडाभर त्या ओलांडत राहिल्या, मग हळूहळू पाय द्यायला शिकल्या. पुढच्या दोन वर्षांत तिथे कुणी पडलं नाही. चटया झिजल्या, तेव्हा कारखान्यातल्या त्या साहेबांना मी दोन ओळींचं पत्र टाकलं आणि त्यांनी नव्या पाठवल्या. इतकं सोपं होतं ते. एक पत्र.

मावशी तीन महिन्यांनी आली, काठी घेऊन, एक पाय ओढत. मुलगा सोडून गेला होता फाट्यापर्यंत. योगायोगाने आप्पा ऑफिसात होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चौकशी केली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता उचलायचं काम हिला कसं जमायचं? तुम्हीच सांगा ताई."

मला सांगता आलं असतं. भाजी निवडायला ठेवा, औषधं द्यायला ठेवा, नुसती आजींजवळ बसायला ठेवा, असं काहीही. आणि त्याहून आधी सांगायची गोष्ट तर वेगळीच होती. मावशी माझ्याकडे बघत होती. मी मूग गिळून बसले. आप्पांनी क्षणभर वाट बघितली आणि म्हणाले, "बरं, तिची जी काय उपचाराची मदत ती संस्था करंल. कामाचं मात्र अवघड हाय."

मी चहा आणायला उठले, कारण तिथे बसवत नव्हतं. कामाच्या माणसांना आमच्याकडे स्टीलच्या पेल्यात चहा असायचा. त्या दिवशी मी मावशीला पाहुण्यांच्या कपबशीत दिला. का दिला कुणास ठाऊक, मला वाटलं तेवढा तरी मान. तिने बशी हातात घेतली, कपाकडे बघितलं, आणि तिला कळलं की आपण आता इथल्या राहिलो नाही. चहा पिऊन ती आजींना भेटायला गेली. "मालगाडी, माझं चाक निखळलं बगा," असं काहीतरी म्हणाल्याचं ऐकू आलं. आजी हसल्या नाहीत.

आजी त्यानंतर दोन वर्षं जगल्या. मी त्यांच्या खोलीत गेले की त्या डावा हात उचलायच्या आणि आधी जमिनीकडे बोट दाखवायच्या, मग माझ्या कमरेच्या किल्लीकडे. "बा, बा." नवी आलेली बाई मला विचारायची, "ताई, आजीस्नी काय पायजे?"

"पाणी मागतायत," मी सांगायची.

ती बाई पाणी आणायची. आजी तोंड फिरवायच्या. हे एकदा-दोनदा नाही, दोन वर्षं. तोंड नसलेल्या माणसाचं एकच वाक्य होतं आणि त्याचा उलटा अर्थ सांगायला मी तिथे पगारावर होते. त्या गेल्या तेव्हा मी सगळ्यांबरोबर रडले. पण आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज मला बाकी सगळ्याहून जास्त वाटते.

पुढे मी नोकरी सोडली. शिरूरला एका शाळेत क्लार्क म्हणून लागले, स्वतःचं छोटं घर केलं. दिवस बरे गेले. जबाबाचा तो कागद आश्रमाच्या कुठल्यातरी फायलीत पडून असेल, कुणी कधी काढून बघितला नाही. ज्याच्या भीतीने हे सगळं केलं, ते विचारायला कुणी आलंच नाही.

बऱ्याच वर्षांनी, एव्हाना सगळ्यांच्या हातात मोबाइल आले होते, शाळेतल्या एका शिपायाच्या मुलीच्या लग्नाला वडगाव रासाईला जावं लागलं. अक्षता पडल्या, जेवणं झाली. मी मावशीचं घर विचारलं. नदीकडच्या अंगाला, दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात आडोसा केलेली न्हाणी. ती दारातच बसली होती. केस पांढरे झालेले, काठी मांडीवर आडवी.

"ताई?" तिने लगेच ओळखलं. "या, या. अगं सूनबाई, पाणी आन. शिरूरच्या ताई आल्यात!"

सुनेने पाय धुवायला बादली न्हाणीत ठेवली. तिने नुकतीच भांडी घासली होती, दगडावर राखेचं पाणी वाहत होतं. मी तिकडे वळले तर मावशी ओरडली, "थांबा ताई! तिथं निसरडं हाय." आणि काठीवर जोर देऊन उठली. भिंतीवरच्या खुंटीला एक गोणपाट टांगलेलं होतं. चार पदरी, कडेने सुतळीची टिप. ते तिने एका हाताने ओढलं, कण्हत कण्हत वाकली आणि दगडावर अंथरलं. सून मदतीला धावली तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, जमतंय मला."

वर्षानुवर्षं मनात जुळवलेली वाक्यं होती माझ्याकडे. त्यातलं एकही आठवेना. मी तिथेच, चपला हातात घेऊन, म्हणाले, "मावशी, त्या दिवशी चटया नव्हत्या. मी नंतर अंथरल्या. तुमचं पोतंही मीच टाकून दिलं होतं."

"मला म्हाईत हाय की," ती म्हणाली. "मी पडले व्हते ताई, आंधळी न्हवते झाले."

"मग सही का केलीत?"

तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. "तुम्ही म्हणाला व्हता, मी बघते म्हणून. तीन महिने खाटंवर पडून मी त्याच बोलण्यावर व्हते. चटईचं काय न्हाई ओ. पडायचं नशिबात आसंल तर माणूस पडतंय. पर तुम्ही तवा त्या खोलीत आप्पांच्या म्होरं एक शबुद बोलायला पायजे व्हता. मी वाट बगत व्हते."

ती रागावून बोलत नव्हती. दुखणं कुठे आहे ते डॉक्टरला दाखवावं, तसं सांगत होती. मला रडू आलं, पण तिच्यासमोर रडायचाही मला हक्क नव्हता, म्हणून मी खाली बघितलं.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"व्हय, चुकलं," ती म्हणाली. "चला, पाय धुवा. लांबनं आलाय."

मी न्हाणीकडे गेले. साडी जराशी उचलली आणि पाय टाकला तो गोणपाटाच्या पलीकडे, ओल्या दगडावर. धुतलेलं, स्वच्छ होतं ते. लग्नाच्या मांडवातली माती लागलेले माझे पाय त्याच्यावर पडायला धजले नाहीत. इतक्या वर्षांनीही तीच सवय. पाय निसटला आणि मी भिंत धरली.

मावशीने काठीचं टोक गोणपाटावर आपटलं.

"ओलांडू नगा," ती म्हणाली. "त्याच्यावर द्या पाय. ते त्याच्यासाठीच टाकलंय."